साम्राज्य कुणाच्या जिवावर?

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

रात्रीचे दीड वाजलेत. मनमाड रोडवरून ट्रक धडधडत चाललेत. नागापूर एमआयडीसीत तिसरी पाळी चालू आहे. उद्या सकाळी सबमिशन आहे, सहा शीट्स अजून कोऱ्या आहेत, आणि आमच्या विंगमधून एकच आरोळी उठते, "वोलोलोऽऽ!"

ज्यांना हा शब्द कळला ते गालातल्या गालात हसले असतील. ज्यांना कळला नाही (म्हणजे बहुधा आमचे सर, मॅडम आणि रेक्टर साहेब) त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा करतो.

'एज ऑफ एम्पायर्स' नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे. अमेरिकेत डॅलस इथल्या एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीने तो तयार केला आणि मायक्रोसॉफ्टने १९९७ साली बाजारात आणला. म्हणजे आमच्या वर्गातल्या प्रत्येकापेक्षा तो वयाने मोठा आहे! सुरुवातीला तुमच्याकडे काय असतं? एक गावकेंद्र आणि तीन गडी. बाकी सगळा नकाशा काळाकुट्ट. या तीन गड्यांना कामाला लावायचं. कुणी बोरं तोडतो, कुणी हरणं मारतो, कुणी लाकूड तोडतो, कुणी दगड आणि सोनं खणतो. अन्न साठलं की नवा गडी, लाकूड साठलं की नवं घर. असं करत करत अश्मयुगातून हत्यारांच्या युगात, तिथून कांस्ययुगात आणि शेवटी लोहयुगात जायचं. मग फौज उभी करून शेजाऱ्यावर तुटून पडायचं. यात इजिप्त आहे, ग्रीक आहेत, बॅबिलोन आहे, इराण, चीन, जपान, कोरिया आहे. मूळ गेममध्ये एकूण बारा संस्कृती, पुढे १९९८ साली रोमचा भाग आला त्यात आणखी चार. पण भारत कुठेच नाही. आणि 'वोलोलो' म्हणजे काय, तर यातला पुजारी हात वर करून काहीतरी पुटपुटतो आणि समोरचा शत्रूचा सैनिक बघता बघता रंग बदलून आपल्या पक्षात येतो. हल्लीच्या पेपरात अशा बातम्या वाचायची सवय असल्यामुळे आम्हाला त्यात काही नवल वाटत नाही.

२०१८ साली या गेमची नवी चकचकीत आवृत्ती निघाली. पण आमच्या विंगमधल्या मशीन्सची ऐपत जुन्याचीच आहे. तेव्हा जुनाच गेम सीनियर्सकडून ज्युनियर्सकडे, नोट्स आणि जुन्या जर्नल्सबरोबर वारसाहक्काने येत राहतो.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या सेमिस्टरला निकाल लागला, आमच्या विंगमध्ये के.टी.चं पीक जोरात आलं आणि हॉस्टेलच्या बोर्डावर नोटीस लागली. खोलीत गेम खेळताना कुणी सापडला तर मशीन जप्त! झालं, मेसमध्ये दोन तट पडले. एक गट म्हणतो, गेममुळे पोरं वाया जातात. दुसरा गट म्हणतो, छे, यातून प्लॅनिंग शिकता येतं, इतिहास कळतो, शिवाय रात्रभर मोबाईलवर गोळ्या झाडत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोन्ही बाजूंनी जोरदार भाषणं झाली आणि त्या नादात पोळ्या गार झाल्या.

माझं मत या दोन्हींपेक्षा थोडं वेगळं आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं म्हणणं असं की हा गेम आपल्याला एक फार मोठी खरी गोष्ट शिकवतो, आणि त्याच वेळी एक फार मोठी खोटी गोष्टही शिकवतो. खरी गोष्ट चार दिवसांत कळते. खोटी कळायला मला दोन वर्षं लागली.

आधी खरी गोष्ट. नवशिका खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत सैनिक बनवायला घेतो आणि हमखास हरतो. मुरलेला खेळाडू काय करतो? गडी बनवतो. आणखी गडी बनवतो. एका गड्याला ५० अन्न लागतं. चार माणसं राहतील अशा घराला ३० लाकूड. कांस्ययुगात जायला ८०० अन्न. लोहयुगात जायला १००० अन्न आणि ८०० सोनं. म्हणजे बघा, युग बदलायचं तरी हिशेब धान्याचाच! राजा कितीही शूर असो, कोठार रिकामं असेल तर तो दगडी कुऱ्हाड घेऊनच बसणार. प्रॉडक्शन प्लॅनिंगच्या तासाला सर 'बॉटलनेक' समजावून सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरचे आम्ही चौघं एकमेकांकडे बघून हसलो होतो. कारण अन्न कमी पडलं की लाकूड, सोनं, दगड कितीही असून उपयोग नाही, हे आम्ही आधीच रात्री जागून शिकलो होतो. (अर्थात 'पेपरोनी पिझ्झा' टाईप केलं की १००० अन्न फुकट मिळतं हेही शिकलो होतो. तशी सोय आमच्या मेसमध्ये रविवारी संध्याकाळी असती तर किती बरं झालं असतं!)

तेव्हा साम्राज्य हे गड्यांच्या जिवावर उभं राहतं, ही गोष्ट हा गेम अगदी प्रामाणिकपणे सांगतो. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आम्ही लढाया आणि सनावळ्या पाठ केल्या. त्या लढणाऱ्यांना जेवायला कोण घालत होतं, हा प्रश्न मला पहिल्यांदा या गेमने विचारला. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आता दुसरी गोष्ट.

मूळ गेममध्ये लोकसंख्येला ५० ची मर्यादा आहे. गडी आणि सैनिक मिळून पन्नास. त्यापुढे एकही माणूस बनत नाही. मग शेवटच्या टप्प्यावर सगळे मुरलेले खेळाडू एक युक्ती करतात. अन्न भरपूर साठलं, सोनं साठलं, आता गड्यांचं काम संपलं. मग शेतात राबणारे गडी एकेक करून निवडायचे आणि कीबोर्डवरचं 'डिलीट' दाबायचं. गडी जागच्या जागी आडवा होतो. एक जागा रिकामी होते. त्या जागी हत्ती नाहीतर घोडेस्वार उभा राहतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. आम्ही चौघं खेळत होतो. मी पन्नासवर अडकलो होतो. मी नऊ शेतकरी डिलीट केले. एकामागून एक, नऊ वेळा. मग नऊ घोडेस्वार काढले आणि डाव जिंकला. विंगमध्ये माझा जयजयकार झाला. पैज लावली होती, त्यामुळे सकाळचा चहा आणि वडापाव पार्टनरकडून वसूल केला.

तो वडापाव खात असतानाच घरून फोन आला. वडील एका कारखान्यात कंत्राटी कामगार. प्रेस मशीनवर सहा वर्षं. कुठला कारखाना, कुठली एमआयडीसी, ते महत्त्वाचं नाही, कारण ही गोष्ट काही एकट्या कारखान्याची नाही. वडील म्हणाले, "कामाला ब्रेक दिलाय. ऑर्डर कमी झालीय म्हणतात. तू काळजी करू नको. फीचं बघतो मी. तू अभ्यास कर." एवढंच बोलले आणि आईकडे फोन दिला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी गेम सोडला असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्याच रात्री मी पुन्हा खेळायला बसलो होतो. पण पन्नासची मर्यादा आली तेव्हा बोट डिलीटवर जाईना. डाव हरलो. पार्टनर म्हणाला, "अरे ते कॉम्प्युटरमधले ठोकळे आहेत, तुझा काका लागतो काय तो?" त्याचं बरोबर होतं. कॉम्प्युटरमधले ठोकळेच ते. त्यांना मारल्याने कुणी मरत नाही. मी काही इतका भाबडा नाही. पण प्रश्न ठोकळ्यांचा नव्हता. आपल्याला कुठली सवय लागतेय, हा प्रश्न होता.

या गेममध्ये गड्याला नाव नसतं. त्याच्यावर क्लिक केलं तर तो काय काम करतो तेवढं लिहून येतं. लाकूडतोड्या, शेतकरी, बांधकाम करणारा. काम बदललं की नाव बदललं. सगळे एकसारखे, एकाच चेहऱ्याचे. आणि १९९७ च्या त्या मूळ गेममध्ये सगळेच्या सगळे पुरुष! बाईमाणूस औषधालाही नाही. स्त्रिया गावकरी म्हणून आल्या त्या १९९९ सालच्या दुसऱ्या भागात. म्हणजे बायकांशिवाय शेती करणारं साम्राज्य! नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधावर जाऊन हे सांगा, खुरपं घेऊन मागे लागतील.

हीच ती खोटी गोष्ट. साम्राज्य गड्यांवर उभं राहतं हे सांगायचं, आणि त्याच वेळी गडी म्हणजे निव्वळ आकडा आहे हे बोटांना शिकवायचं.

मग मला प्रश्न पडला की खऱ्या साम्राज्यांत असंच होतं का? तेव्हाही गड्याला नाव नव्हतं का? गेममध्ये भारत नाही तर नाही, पण आपल्या आसपास काहीतरी असेलच की. आणि इथे मला जो धक्का बसला तो तुम्हालाही बसावा म्हणून सांगतो. हा गेम ज्या युगांची गोष्ट सांगतो ती सगळी युगं आपल्या हॉस्टेलपासून एस.टी.च्या अंतरावर मातीखाली पडलेली आहेत.

वर्गमित्राच्या बहिणीच्या लग्नाला नेवाशाला गेलो होतो. नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव, एवढंच मला माहीत होतं. मित्राने प्रवरेच्या काठचं जुनं टेकाड दाखवलं. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. प्रवरेच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. टेकाडात तांब्याचा आणि दगडाचा एकत्र वापर करणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. तिच्या वर सातवाहनांच्या काळातली वस्ती, आणि त्या थरात रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे. म्हणजे गेममधली चारही युगं आणि वर १९९८ चा रोमचा भागसुद्धा, सगळं एका नेवाशात! आणि आम्ही इकडे इजिप्त घेऊ की ग्रीक यावर भांडत होतो.

प्रवरेचा हा सगळा काठच असा आहे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि त्या गावाच्या नावाने आज महाराष्ट्रातली एक अख्खी ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९७४ साली एका आदिवासी गावकऱ्याला झाडाची मुळं खणताना चार भरीव धातूच्या मूर्ती सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. त्यांच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण गेममधल्या रथापेक्षा तो रथ मला जास्त आवडला, कारण त्याला घोडे नाहीत, आपले बैल आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचं ठिकाण, इनामगाव. हे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, आपल्या जिल्ह्याला लागूनच. १९६८ ते १९८३ अशी अनेक वर्षं डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं हे शेतकऱ्यांचं गाव. इथल्या लोकांनी नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट काढला होता, बांध घातला होता. मुख्य पीक जवाचं. आणि गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर, बहुधा गावप्रमुखाचं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार! गेममध्ये गावकेंद्राजवळ कोठार बांधतात ना, अगदी तस्संच. बघा, गेम बनवणाऱ्यांचा अभ्यास कच्चा नव्हता.

पण पुढे काय झालं ते गेममध्ये नाही. इसवीसनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान खालावलं असावं, असं उत्खनन करणाऱ्या डॉ. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांचं मत आहे. इनामगावातली मोठी चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार आणि गुरंमेंढरं यांच्यावर भिस्त वाढली. आणि इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. गेममध्ये युग फक्त पुढे जातं. ८०० अन्न भरलं की कांस्ययुग, आणि मागे फिरणं नाहीच. तिथे शेत आटलं तर ७५ लाकूड मोजायचं की परत २५० अन्न देणारं शेत तयार. पाऊस पडला का, विहिरीला पाणी आहे का, विचारायचं कारणच नाही. आपण मात्र दुष्काळी जिल्ह्यातली माणसं. शेत परत उभं करायला लाकूड पुरत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको. आणि पाऊस गेला तेव्हा पहिली झळ कुणाला बसली असेल, पाच खोल्यांच्या घराला की पाट खणणाऱ्याला, हेही सांगायला नको.

इथवर वाचूनही माझा मूळ प्रश्न तसाच होता. पाट खणणाऱ्याचं नाव काय? इनामगावाला लिपी नव्हती, तेव्हा तिथे उत्तर मिळणं शक्य नव्हतं. उत्तर मिळालं ते सातवाहनांच्या काळात.

सातवाहन म्हणजे आपलं खरंखुरं प्राचीन साम्राज्य. राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण, गोदावरीच्या काठी. आपल्या नेवासे तालुक्यातून प्रवरा जिला मिळते तीच गोदावरी. घाटावरचा माल कोकणातल्या बंदरांकडे उतरायचा तो नाणेघाटातून. त्या घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे आणि त्यात दानाचे आकडे कोरलेले आहेत. भारतात कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी ते मानले जातात. (पुरुष-गड्यांच्या गेमला हे एक उत्तर झालं!)

पण मी राजा-राणीचं नाव शोधत नव्हतो. नगर-कल्याण रस्त्याने आळेफाट्यावरून जुन्नरला जा. तिथल्या एका लेण्यातला लेख सांगतो की सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं हे धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचं दान आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी करणाऱ्या कासारांची श्रेणी आहे. पुढे कार्ल्याला जा. त्या प्रचंड चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक छोटासा लेख आहे. हे दार धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने केलं, असा त्याचा आशय. वाचलंत? सुतार. त्याचं स्वतःचं नाव, गावाचं नाव, बापाचं नाव. जवळजवळ दोन हजार वर्षं ते दगडावर आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. वडिलांच्या गेटपासवर त्यांचा नंबर मोठ्या अक्षरात आहे आणि नाव खाली बारीक, तेही चुकीच्या स्पेलिंगचं, एवढंच आठवलं.

हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी अजून एक उदाहरण. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी ३००० कार्षापण, म्हणजे नाणी, कायम ठेव म्हणून ठेवली. कुठे ठेवली? राजाच्या खजिन्यात? नाही. विणकरांच्या दोन श्रेणींकडे! एकीकडे २००० नाणी, महिना शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज काढा, २४० येतं. वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ नाणी. हिशेब बरोब्बर जुळतो, मी तपासला. राजघराण्यातला माणूस आपली ठेव विणकरांकडे ठेवतो, याचा अर्थ काय? राजे येतील आणि जातील, विणकर राहतील, ही खात्री त्यालाही असावी.

आणि राजे खरोखरच गेले. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी नहपानाची, पण त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. नाणं तेच, चांदी तीच, फक्त रंग बदलला. याला म्हणतात वोलोलो! ती नाणी हातात धरून एकेक ठोकणारा कुणीतरी टाकसाळीतला कारागीर होता. त्याचं नाव मात्र मिळत नाही.

म्हणजे खऱ्या इतिहासातही सगळ्या गड्यांची नावं टिकली असं नाही. उलट बहुतेकांची गेली. आपला नगरचा किल्लाच घ्या. १५९६ साली मोगलांनी सुरुंग लावून त्याच्या तटाला भगदाड पाडलं आणि चांदबीबीने स्वतः उभं राहून रातोरात ते बुजवून घेतलं. चांदबीबीचं नाव आपल्याला पाठ आहे, आणि असायलाच पाहिजे. पण त्या रात्री तोफांच्या तोंडी उभं राहून दगड रचणाऱ्या एकाही गवंड्याचं नाव आपल्याला माहीत नाही. फरक एवढाच की नाव टिकलं नाही म्हणजे नाव नव्हतं असं होत नाही. कार्ल्याचा सामी सुतार हे ओरडून सांगतो. गेम मात्र सांगतो की नाव नव्हतंच.

कुणी म्हणेल, बाबा रे, गेमला गेमसारखं घे ना. इतकं मनाला लावून घ्यायचं तर बुद्धिबळातल्या प्याद्यांचंही सुतक पाळ! मान्य. प्यादं मारताना मला काही वाटत नाही. पण प्याद्याने शेत पिकवलेलं नसतं. इथे अर्धा तास त्याच गड्याच्या हातचं खाऊन मग त्याला आडवा करायचा असतो, कारण आता तो हिशेबात बसत नाही. आणि आपण कोण आहोत? आपण उद्याचे इंजिनियर. कुणी प्रॉडक्शनला जाईल, कुणी प्लॅनिंगला. माऊस आपल्या हातात असणार आहे. 'मॅनपॉवर कमी करून कॉस्ट वाचवली' हे वाक्य आपण एक दिवस बायोडेटात लिहिणार आहोत. तेव्हा त्या मॅनपॉवरमध्ये कुणाचा तरी बाप असतो, एवढं लक्षात राहावं, इतकीच माझी अपेक्षा आहे. कधी माणसं कमी करावी लागतही असतील, मी काही अर्थशास्त्राचा पंडित नाही. पण ते बटण सवयीने दाबणं वेगळं आणि समोरच्याचं नाव माहीत असताना दाबणं वेगळं.

गंमत बघा, ज्यांनी हा गेम बनवला त्यांच्यावरही हीच पाळी आली. सप्टेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की हातातला शेवटचा गेम पूर्ण झाला की एन्सेम्बल स्टुडिओज बंद होणार. आणि जानेवारी २००९ मध्ये ती कंपनी बंद झाली. लाखो प्रती खपलेली मालिका त्यांनी दिली होती. कोठार भरलेलं होतं. तरी डिलीट झालंच.

आता हे दुसऱ्यांना सांगणं सोपं, म्हणून स्वतःचंही सांगतो. गेल्या सुटीत मी इनप्लांट ट्रेनिंग केलं. रिपोर्ट चांगला पन्नास पानी. त्यात मशीनची कंपनी आहे, मॉडेल आहे, आर.पी.एम. आहे, फीड आहे, लेआऊट आहे. ज्या ऑपरेटरने मला पंधरा दिवस शेजारी उभं करून जॉब सेट करायला शिकवलं, डब्यातली भाकरी दिली, त्याचं नाव त्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. आभारप्रदर्शनात सगळे साहेब आहेत, तो नाही. हा लेख लिहिताना रिपोर्ट काढून पाहिला आणि शरम वाटली. म्हणजे ती सवय मला गेमनेच लावली असंही नाही. ती आधीपासून अंगात होतीच. गेमने फक्त आरसा दाखवला.

तेव्हा रेक्टर साहेबांना नम्र विनंती, मशीन जप्त करू नका. रात्री अकरानंतर बंद, असा नियम करा, आम्ही (बहुतेक वेळा) पाळू. के.टी. लागतात त्या गेममुळे नाही, शेवटच्या रात्रीवर सगळं ढकलण्याच्या आमच्या सवयीमुळे. गेम नसता तर आम्ही दुसरं काहीतरी शोधलं असतं, ही खात्री बाळगा. सरांना एक विनंती, पुढच्या सहलीत एक दिवस नेवासं आणि प्रवरासंगम, नाहीतर जुन्नर आणि नाणेघाट ठेवा. रिसॉर्ट आहेतच नंतर आयुष्यभर.

आणि मित्रांनो, तुम्हाला काय सांगू? खेळा. जरूर खेळा. आमच्या विंगमध्ये सध्या एक नियम केलाय, आपला गडी डिलीट करायचा नाही. पन्नासमध्येच भागवायचं. पहिले दोन-तीन दिवस सगळे कुरकुरले. आता उलट मजा येते, कारण डाव जास्त अवघड झालाय आणि डोकं जास्त चालवावं लागतं. पार्टनरसुद्धा आता "तुझा काका लागतो काय" म्हणत नाही.

शेवटचं एक. आपल्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभे असतात त्यांना आपण 'मामा' म्हणतो. मेसमध्ये पोळ्या लाटतात त्या 'मावशी'. रात्री गेटवर असतात ते 'काका'. तीन वर्षं झाली. परवा मी सहज आठवायचा प्रयत्न केला, तर तिघांपैकी एकाचंही नाव मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेलो आणि मामांना विचारलं, "मामा, तुमचं पूर्ण नाव काय?" ते हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं काहीतरी तक्रार झालीय. म्हणाले, "का रे, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहायचंय." मग त्यांनी स्वतःचं, वडिलांचं आणि गावाचं नाव सांगितलं. अगदी कार्ल्याच्या सामी सुतारासारखं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हीच जाऊन विचारा.